रूपाबाईची साक्ष

रतनसिंगकाकांवर माझा अजून राग आहे, आणि तो काढायला जागा नाही. माणसाने इतकं गोड असू नये. कळमनुरीला माझ्या वकिलीच्या टेबलासमोर ते खुर्चीच्या अगदी काठावर बसायचे, पूर्ण टेकलं तर तिला भार होईल अशा बेताने. बोलणं सुरू व्हायचं माझ्या तब्येतीपासून. मग माझ्या आईची तब्येत, मग माझ्या स्कूटीची. स्वतःच्या कामावर येईपर्यंत चहा गार झालेला असायचा.

काम त्यांच्या बायकोचं होतं. रूपाबाई म्हणजे त्यांच्या बंजारा तांड्याचा गळा. लग्न कुणाचंही असो, तिने सूर धरल्याशिवाय बाकीच्या बाया तोंड उघडत नसत. पुढे मणक्याच्या दुखण्याने ती कंबरेखाली लुळी पडली आणि बाजेवर खिळली. काका तिला न्हाऊ घालायचे, तिची वेणी घालायचे. पारावरचे गडी हसले तर म्हणायचे, "जलमभर तिच्या हातची भाकर खाल्ली. आता येणी घातली तर काहून हसून राहिले?"

अशा माणसांसाठी राज्यात एक कायदा झाला होता. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही त्याच्या घरी नर्सने जावं, औषधही घरीच पोचवावं, असं त्यात साफ लिहिलं होतं. पण कायदा विधिमंडळ करतं आणि बारीकसारीक ठरवायचं काम खात्यावर सोपवतं. खात्याने नियम केले आणि त्यात एक अट घुसवली: रुग्णाने दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः हजर राहून पडताळणी करून घ्यावी. थोडक्यात, उठता येत नाही हे दाखवायला उठून हिंगोलीला जा. हे लिहिणाऱ्याने जन्मात कुणाला बाजेवरून उचललेलं नसणार. काका तिला जीपमध्ये गोधड्यांवर आडवी करून न्यायचे. परत आल्यावर पडून पडून झालेल्या तिच्या पाठीच्या जखमा पुन्हा वाहू लागायच्या.

मी चिडून थेट विधिमंडळाच्या उपविधान समितीला निवेदन पाठवलं. ही समिती फारशी कुणाला ठाऊक नसते. सरकारने केलेले नियम सभागृहाच्या पटलावर ठेवतात खरे, पण ते वाचायला सगळ्या आमदारांना कुठली सवड? म्हणून काही आमदारांची ही समिती असते. कायद्याने दिली त्याहून जास्त सत्ता खात्याने नियमातून घेतली का, कायद्यात नसलेला जाच लोकांवर लादला का, हे तिने ताडून पाहायचं. नियम रद्द करणं तिच्या हातात नसतं. ती सभागृहापुढे शिफारस ठेवते आणि खात्याला त्यावर उत्तर द्यावं लागतं.

समितीने निवेदन घेतलं. खात्याचे अधिकारी म्हणाले, या अटीचा त्रास कुणालाच नाही, उलट खोटी नावं गळतात. अध्यक्ष म्हणाले, मग प्रत्यक्ष जाऊनच बघू. हिंगोली जिल्ह्याचा दौरा ठरला आणि त्यात काकांचा तांडा आला.

मी काकांना बजावलं, "घर आहे तसं दिसू द्या. रूपाबाईलाही सांगा, काही झाकायचं नाही."

"व्हय बाई, बराबर," काका म्हणाले.

बराबर कसलं! तांड्यात पाहुण्यासमोर दुखणं काढत नाहीत. घरात मयत झालेलं असलं तरी आधी पाहुण्याला पाणी देतील, गूळ देतील, आणि त्याची पाठ फिरली की मग हंबरडा फोडतील. हे मला माहीत होतं, पण एवढ्या मोठ्या कामापुढे ते आडवं येईल असं वाटलं नाही.

समितीच्या गाड्या आल्या तेव्हा अंगण सारवलेलं होतं. रूपाबाई बाजेवर चक्क बसलेली. अंगात आरसे लावलेली ठेवणीतली कांचळी, डोक्यावर ओढणी, हातभर चुडे. पाठीशी ज्वारीचं पोतं उभं करून काकांनी ते ओढणीआड झाकलं होतं. पाहुणे दारात येताच तिने स्वागताचं गाणं धरलं. किती महिन्यांनी गात होती कोण जाणे, पण सूर कुठेही हलला नाही. आमदारांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांनी वाकून विचारलं, "आजी, पडताळणीला हिंगोलीला जायचा त्रास होतो का?"

रूपाबाईच्या कपाळावर घाम होता.

"कायची तकलीफ, साहेब? जीप हाये, मालक हायेत. तुमी एवढ्या दुरून आलात, आधी च्या घ्या."

मी मध्ये पडले. म्हणाले, "साहेब, त्रासाचा प्रश्नच नाही. कायद्यात ही अट नाही, एवढं बघा." त्यांनी मान डोलावली, पण शेजारचे अधिकारी तिचं वाक्य टिपून घेत होते.

गाड्या वळणाआड गेल्या आणि काकांनी पोतं काढलं. रूपाबाई त्यांच्या हातांवर कोसळली. पाठीला चिकटलेली कांचळी पाण्याने भिजवून सोडवावी लागली. मी काकांवर ओरडले, नको ते बोलले.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पाव्हण्यानं आपल्या दारातून तोंड पाडून जावं का?"

समितीने विषय पुढे ढकलला. लाभार्थ्यांची तक्रार आढळली नाही, असं कारण होतं. पुढच्या पडताळणीची तारीख आली. काकांनी पुन्हा गोधड्या अंथरल्या, तिची वेणी घातली आणि जीप बोलावली. हिंगोली दिसायच्या आतच रूपाबाई गेली. तिचं डोकं काकांच्या मांडीवर होतं. झोप लागली असेल असं समजून त्यांनी ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगितलं.

मी पुन्हा निवेदन दिलं. या वेळी समितीने दौरा केला नाही, कायदा आणि नियम शेजारी ठेवून वाचले. अटीला कायद्यात आधार नाही, ती काढावी, अशी शिफारस झाली आणि खात्याने ती मानली. अध्यक्षांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, त्या माउलीला विचारायचंच नव्हतं. हे आम्ही आधीच वाचायला हवं होतं." त्यांचा आवाज खरा होता.

ही बातमी सांगायला मी तांड्यावर गेले होते, तेवढ्यात निलम नावाची नर्स आली. पडताळणी आता घरी होणार होती आणि रूपाबाईचं नाव कुणी कमी केलेलं नव्हतं. काका लगबगीने उठले. पाणी दिलं, गूळ दिला. उन्हात आलीस, लेकरं बरी आहेत ना, सगळं विचारून झालं.

"आजी कुठं आहेत?" निलमने विचारलं.

काका रिकाम्या बाजेकडे बघत हसले. पाहुण्यासाठी हसतात तसं.

"तिला आता काई तकलीफ न्हाई, बाई," ते म्हणाले. मग पाहुणी दारात असतानाच ते बाजेची कड धरून खाली बसले आणि मोठ्याने रडू लागले. आजूबाजूच्या बाया दारात गोळा झाल्या. पाहुणी बसली आहे, असं काकांना कुणीच म्हणालं नाही.