टँकरच्या रांगेतला राजपुत्र

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी माझ्या सासूबाईंचे कान भरले, "तुमची सून दिवसभर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचती." तेव्हापासून माझी पुस्तकं कुलपात आहेत.

आज पाच दिवसांनी आमच्या लातूरच्या गल्लीत टँकर आला. बघते तर काय, काकू पालथ्या बादलीवर बसून वाचण्यात गुंग! मी आपल्या याच वाचनाच्या ग्रुपवर सुचवलेली, जादूगार राजपुत्राची कादंबरी. रांग सरकली, काकू हलल्या न्हाईत. मी गुपचूप पुढं गेले. त्यांनी मान वर केली तेव्हा टँकर रिकामा झाला होता.

काकू, तुम्ही हेही वाचताय, ठाऊक हाय मला. तुमच्यासाठी दोन घागरी भरून ठेवल्यात. न्यायला या. फक्त सासूबाईंसमोर एवढंच सांगा, राजपुत्रानं शेवटी लग्न कुणाशी केलं?