चाळीस तोंडांचं शिबिर

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचा मी प्रमुख आहे. समितीत दुसरं कोणी नसल्यामुळे निवडणूक चुरशीची झाली नाही. गणपतीत स्पीकरचा आवाज किती ठेवायचा, कोजागिरीच्या दुधात पाणी कोणी वाढवलं, असले प्रश्न मी वर्षभर हाताळतो. गेल्या वर्षी वाटलं, आपण काहीतरी समाजोपयोगी करावं. बायको म्हणाली, "आधी बाल्कनीतला गळका नळ बघा. तोही समाजोपयोगीच आहे. खालच्या मजल्यावर समाज राहतो."

मी नळ तसाच ठेवला आणि तोंडाच्या कर्करोगाचं तपासणी शिबिर ठरवलं. कामोठ्यात दवाखाना असलेल्या एक ओळखीच्या दातांच्या डॉक्टरबाई रविवारी सकाळी फुकट यायला तयार झाल्या. त्यांची अट एकच होती. "चाळीस तरी माणसं जमवा. माझ्या दवाखान्यातल्या दोन मुली मदतीला येणार, त्यांचा रविवार मोडतो."

"चाळीस? साठ येतील बघा," मी म्हणालो. माझा आवाज अशा वेळी माझ्या आधी निघतो.

रविवारी सोसायटीच्या वरच्या हॉलमध्ये अकरापर्यंत चोवीस आले. ज्यांनी यायला हवं होतं ते दाराला कुलूप लावून कर्जतला फार्महाउसवर गेले होते. जे आले ते तीनतीनदा दात घासून आले होते. एक निवृत्त काका गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले. बाईंनी सभ्यपणे तोही उजेडात धरून बघितला. मग मी खाली जाऊन वॉचमन, लिफ्टवाला, पाण्याचे जार आणणारे दोघं, एक कुरियरवाला, शेजारच्या बिल्डिंगचा माळी, असे दिसतील ते लोक वर पाठवायला लागलो. साडेबाराला अडतीस झाले. एकोणचाळिसावं नाव मी माझंच लिहिलं, पुढे बरोबरची खूण केली आणि खुर्चीत न बसताच गेटवर आलो.

गेटवर मासेवाली मावशी बसली होती. ही उरणच्या बाजूची. बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे येते. तिच्या पाटीभोवती माझ्या शिबिरापेक्षा जास्त गर्दी होती, आणि त्या गर्दीत बोंबील निवडत माझी बायकोही होती.

"मावशी, पाच मिनिटं वर चला. तोंड दाखवायचंय," मी म्हणालो.

"रोज बगता की माझं तोंड."

"आतून."

"आतून काय हाय? जीब हाय. ती तर तुमाला ठाऊक हाय."

बायका हसल्या. माझ्या बायकोने तिला उठवलं. "जा मावशी, पाटी मी बघते. यांचा आकडा भरत नाहीये."

तिचा फॉर्म मीच भरला. तंबाखू खाता का? "नाय." गुटखा, पान, विडी? "माझा मालक खायाचा. तो गेला." सगळीकडे 'नाही' लिहून मी खाली जागा होती तिथे 'निर्व्यसनी' असंही लिहिलं, जरा वळणदार अक्षरात. चाळिसावा फॉर्म होता, हात मोकळा झाला होता.

बाईंनी बॅटरी मारली, मावशीचा खालचा ओठ बोटाने ओढून धरला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या बोलायच्या थांबल्या. कापसाने काहीतरी पुसून बघितलं. पुन्हा बघितलं.

"मावशी, दात कशाने घासता?"

"मशेरीनं."

"किती वेळा?"

"सकाली. मग चा झाला की. मग पाटी घेऊन निघताना. जेवल्यावर एकदा..." पाचव्या बोटावर ती थांबली. "सगल्याच लावतात, बाई."

डॉक्टरबाईंनी माझ्या वळणदार अक्षराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास इकडे कोणाला माहीत नाही? पण मशेरीला इकडे कोणी तंबाखू म्हणत नाही, दात घासायची पूड म्हणतात. मावशी खोटं बोलली नव्हती. मला विचारायला सुचायला हवं होतं, पण मला फक्त चाळिसावं माणूस हवं होतं.

ओठाच्या आत, हिरडीला लागून, अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. पुसून जात नव्हता. बाईंनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. कदाचित काहीच नसेल, कदाचित रोगाची सुरुवात असेल. मोठ्या दवाखान्यात जाऊन छोटासा तुकडा काढून तपासायचा. आता सापडला तर बरा होतो, पुढे अवघड असतं. "याच आठवड्यात जा," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

"दुकत नाय, खुपत नाय. मग कसला रोग?" मावशीने चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली आणि ती खाली गेली.

बुधवारी ती आमच्या गेटवरून सरळ पुढे निघून गेली. शुक्रवारीही. दोन आठवडे आम्ही मार्केटमधून बर्फातले मासे आणले. बायको ताट वाढताना म्हणाली, "शिबिरात सगळ्यात जास्त तब्येत आपल्या स्वयंपाकघराची बिघडली." पण तिलाही चैन नव्हतं. ती चिठ्ठी अजून मावशीच्या कमरेलाच असणार, हे आम्हा दोघांना दिसत होतं. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं पुढच्या बिल्डिंगच्या गेटवर तिला गाठलं.

तिने आम्हाला बघून कोयता थांबवला नाही. भोवतीच्या बायकांना म्हणाली, "हे ते भाऊ. यांनी माझ्या तोंडात रोग काढला. चांगली होते मी."

"मावशी, जाऊन आलात का?"

"नाय."

"अहो, उशीर करू नका. मी सोबत येतो हवं तर."

तिने पापलेटाचं डोकं बाजूला टाकलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "भाऊ, तुमचं तोंड बगितलं काय बाईनी?"

मी पाटीतले मासे बघायला लागलो.

"मी खुर्चीत बसलेली तवा ती पोर नावं वाचत होती. तुमचं नाव वाचलं. आन् म्हनाली, हे तर खुर्चीत बसलेच नाय."

बायको माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तपासून घेतलं नाही?"

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस वर्षं जेवणानंतर मी गोड सुपारी खातो. बायकोच्या हिशेबाने ती मी पाच वर्षांपूर्वी सोडली आहे. गेले काही महिने तिखट लागलं की तोंडाची आग होत होती आणि मिसळ मी दही घालून खात होतो, पचनाचं कारण सांगून. लोकांची तोंडं गोळा करणाऱ्याला कोणी तोंड उघडायला सांगत नाही, हा शिबिर भरवण्याचा फायदा माझ्या आधीच लक्षात आला होता.

"सुपारी सोडली आहे ना?" बायकोने विचारलं.

"जवळजवळ," मी म्हणालो. डबी शर्टाच्या खिशात होती आणि खिसा पातळ कापडाचा होता.

मावशीने हात धुतले. "आता असं करा. आदी तुमी बसायचं. माझ्यासमोर. मग मी. वयनी, तुमी साक्षीला."

सोमवारी मासे कोण खातं, म्हणून सोमवार ठरला. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून आली. सकाळपासून मशेरी लावली नव्हती. देवाला जाताना लावत नाही, तशी.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. मला म्हणाला, "तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा." दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. मावशी पुढे वाकून बघत होती, माशाचे कल्ले उघडून ताजेपणा बघावा तशी.

"कालवाच्या शिंपल्यासारकं झालंय," ती डॉक्टरला म्हणाली. "उगडतच नाय."

सुपारीने तोंड आतून ताठ होतं, आजच बंद करा, नाहीतर पुढे घास जायचा नाही, असं डॉक्टरने सांगितलं. तोंडाचे व्यायाम दिले, तीन महिन्यांनी बोलावलं. बायकोने काही न बोलता माझ्या खिशातून डबी काढली आणि तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. ही शांतता मला घरी जाऊन महागात पडणार होती.

मग मावशी खुर्चीत बसली. दिवसाला शेकडो माशांची डोकी उडवणारा तिचा हात बायकोने धरला होता. 

"केवडा कापनार?"

"मसुराच्या डाळीएवढा."

"सरल काप. वाकडा नको."

परतताना ती रिक्षात ओठाखाली कापूस दाबून बसली होती. आठ दिवसांनी रिपोर्ट होता.

त्या आठवड्यात ती पुन्हा आमच्या गेटवर बसायला लागली, पण रिपोर्टबद्दल बोलत नव्हती. शुक्रवारी बायको मासे घेऊन वर आली ती चिंतेतच. "मावशीने आज घासाघीस केलीच नाही. मी म्हणाले त्यावर हो म्हणाली." आम्ही जेवलो, पण बोंबलांची चव लागली नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरने कागद वाचला. कर्करोग नव्हता. पण आतल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. मशेरी कायमची बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि चट्टा गेला नाही तर तेवढा भाग काढून टाकायचा.

"म्हंजे हाय का नाय?"

"नाही. पण वाटेवर होता."

"मग वाटेतच गाठला त्याला," मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. नंतर दहा मिनिटं ती डॉक्टरला, सकाळी मशेरीशिवाय माणसाने उठायचं कसं, ते विचारत होती. त्याने सांगितलेली पेस्ट तिने आणली, पण तिचं मत चांगलं नव्हतं. "फेस येतो. तरतरी नाय येत." तो महिना वाईट गेला. खाली मशेरी सोडलेली मावशी, वर सुपारी सोडलेला मी. बायको लिफ्टने दोन्हीकडे ये-जा करत होती आणि दोन्हीकडून ओरडा खात होती.

एके दिवशी मावशी पाटी आवरताना मला म्हणाली, "माझी सून पन लावते. पोर अंगावर पितं तिचं. मीच शिकवली तिला, लग्न होऊन आली तवा. आता मी कोनत्या तोंडानं सांगू?"

 उत्तर तिनेच शोधलं. पुढच्या सोमवारी ती सुनेला घेऊन दवाखान्यात आली. तोंडाच्या व्यायामाबद्दल विचारायला मीही तिथे होतो. सून पदर तोंडावर धरून उभी होती, मावशीने तिची हनुवटी धरून खुर्चीत बसवली. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही बाहेर थांबा."

"थांबते. आदी ती बॅटरी द्या हकडं," मावशी म्हणाली, "आन् कुटं बगायचं ते दाखवा. गावात अजून लय जनी हायत."