तालमीतला बायकांचा तास

चौकात माझ्या अभिनंदनाचा बोर्ड लागला, त्याच आठवड्यात तालमीचं दार आम्हा बायकांना बंद झालं. दोन्ही गोष्टी त्याच माणसांनी केल्या आणि त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. माझा राग मुख्यतः त्याचाच आहे.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला जुनी तालीम आहे. खाली कुस्तीचा लाल मातीचा हौदा, वर माडीवर लोखंडी बार, प्लेटा, दोन बाकं आणि कडेला तडा गेलेला आरसा. पहाटेचा एक तास वस्तादांनी बायकांसाठी राखून ठेवला होता. बाळंतपणानंतर त्यांच्या सुनेची पाठ धरली, तेव्हा तिला ते माडीवर घेऊन गेले. तिच्यामागून आम्ही पाच-सहा जणी गेलो. सुरुवातीला गल्लीत कुजबुज झाली. वस्ताद कट्ट्यावर बसून मोठ्यानं म्हणाले, "लोखंडाला बाई-बाप्या कळत न्हाय. नीट धरलं तर उठतंय." पुढं कुणी बोललं नाही.

शाहूपुरीत शेतीपंपांच्या एका दुकानात मी हिशेबाचं काम करते. दिवसभर खुर्चीत. घरी सासू-सासरे, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. पहाटे कणीक मळून झाकून ठेवायची, तालमीत जायचं, येऊन डबे, मुलीच्या वेण्या, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, मग स्कूटर. संध्याकाळी पुन्हा तेच उलट्या क्रमानं. मैत्रिणींचं भिशीचं बोलावणं मी इतक्यांदा टाळलं, की त्यांनी बोलवायचंच सोडलं. सगळ्या दिवसात तो एकच तास असा होता, की मला कुणी हाक मारत नसे.

माझ्या व्यायामाचा उपयोग मात्र सगळ्यांना लगेच कळला. सिलिंडर आला की मी. पाहुण्यांकडच्या कार्यात रश्श्याचं पातेलं उतरवायचं तर मी. चुलतदीर तीन भाऊ उभे असायचे, खिशात हात घालून. "वहिनीला बोलवा रं, पैलवान हाय ती!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. आता आठवलं की दात-ओठ खावेसे वाटतात.

आमच्यात एक भाभी होती, पलीकडच्या गल्लीतली, कपडे शिवणारी. वर्षानुवर्षं मशीनवर बसून तिचे गुडघे गेले होते. नमाजालाही तिला खुर्ची लागायची. वस्तादांनी तिला आधी नुसतं बाकावर बसायला आणि उठायला लावलं, मग हातात थोडं वजन घेऊन. पुढच्या रमजानपर्यंत तिची खुर्ची सुटली. हे सांगताना ती रडली नाही, उलट मला चिमटा काढून म्हणाली, "तुझं मेडलबिडल ऱ्हाऊ दे गं. मी जमिनीवर बसून उठतिया, ते बघ आधी." तिच्या घरचे तिला दुसऱ्या कुठल्या जिममध्ये पाठवणार नव्हते. तिथं पोरं असतात, गाणी असतात. वस्तादांची तालीम तेवढी चालत होती.

मेडल मला मिळालं ते राज्य पातळीवरच्या स्पर्धेत, वजन उचलण्यात, दुसऱ्या क्रमांकाचं. माहेरी शिरोळला बाबांना फोन केला. ते म्हणाले, "लागलं न्हाय न्हवं कुठं?" बाबांनी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. पूर आला तेव्हा त्यांनी आधी माझी पुस्तकं ट्रॉलीत चढवली, मग अंथरुणं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्या माणसाचे आणि मला आपल्या घरी बसवून गणित शिकवणाऱ्या बाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण पदवी मिळाल्यावर पुढं शिकायचं म्हटलं, तेव्हा सगळे नातेवाईक एकासुरात म्हणाले होते, "झाली की डिग्री. आता काय आणि?" गाऊनमधला फोटो भिंतीवर लागला आणि लग्नाची बोलणी सुरू झाली.

माझ्या नवऱ्याचं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान आहे. बोर्ड त्यानंच केला, हौसेनं. तालीम चालवणाऱ्या मंडळाची पोरं म्हणाली, छापणावळ आमची. स्पर्धेतल्या फोटोत मी घट्ट कपड्यांत, तोंड वेडंवाकडं करून बार उचलतेय. तो फोटो चौकात कसा लावायचा, म्हणून त्यानं नणंदेच्या लग्नातला माझा पैठणीतला फोटो घेतला आणि त्याच्यावर मेडल चिकटवलं. माझ्या डोक्यावर अध्यक्ष, कानाला मोबाईल लावलेले. शेजारी सचिव, गॉगल घातलेले. खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली झाडून सगळी पोरं. भाभी नाही, वस्तादांची सून नाही. माझ्याबरोबर पहाटे उठणारी एकही बाई त्या बोर्डावर नव्हती.

"आवडला का?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा चेहरा इतका आनंदी होता की मी 'हो' म्हणाले.

दोन दिवसांनी पहाटे गेलो, तर तालमीला कुलूप. सचिव कट्ट्यावर दात घासत उभे होते.

"वहिनी, आजपास्नं सकाळचा टाईम पोरांना दिलाय. भरती लागलीया पोलिसाची."

"आणि आम्ही?"

"तुमचं झालं की मेडल!"

"वस्तादांना विचारलं का?"

"वस्ताद आता थकल्यात. कमिटीनं ठरीवलंय." मग जरा जवळ येऊन, मोठा उपकार केल्यासारखं, "तुम्ही या की पोरांबरोबर. तुम्हाला कोण अडवतंय? तुम्ही आमची शान हाय. बाकीच्या नुसत्या येतात गप्पा मारायला."

बाकीच्या माझ्या मागंच उभ्या होत्या. भाभी वळली आणि घराकडं चालू लागली.

मी त्या पोरांच्या विरोधात नाही. त्यांना नोकरी हवी, मला कळतं, मीही त्याच वाटेनं आले. पण पोरांना संध्याकाळ होती, रात्र होती. रात्री माडीवर कॅरम चालायचा. कॅरम हलवायचा विचार कुणाच्या मनात आला नाही. आमचा तास तेवढा मोकळा दिसला.

रविवारी मंडळानं माझा सत्कार ठेवला. मी जाणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "लोकं एवढं करत्यात, आन् तू तोंड फिरवतीस?" गेले. शाल, नारळ, फेटा. दोन शब्द बोला म्हणाले. मी माईक घेतला आणि म्हणाले, "बायकांचा तास बंद केलाय तो आधी सुरू करा. मग शाल घाला."

मग सचिवांनी माईक घेतला. "वहिनी चिडल्या बघा! ह्या रागातच वजन उचलत्यात!" मंडप हसला, टाळ्या पडल्या आणि शाल माझ्या खांद्यावर आलीच. शिवी दिली असती तरी चाललं असतं. माझा राग त्यांनी करमणूक म्हणून वापरला.

घरी येताना नवरा म्हणाला, "चारचौघात कशाला बोलायचं? ती माझी गिऱ्हाईकं हायत."

"कुलूप काय चारचौघांना विचारून घातलं?"

तो भराभर पुढं चालू लागला. माझ्यावर चिडला होता, की त्याला पटलं होतं, मला आजही माहीत नाही.

सोमवारी पहाटे मी भाभीच्या दारात गेले. "चल," म्हटलं, "तालमीसमोर, रस्त्यावर करू."

"वेडी का काय? लोक बघतील."

"बघू देत."

ती आली. वस्तादांची सून आली, आणखी दोघी आल्या. लोखंड आत होतं, म्हणून पाण्याच्या कळश्या भरून घेतल्या. बंद दारासमोर आम्ही रांगेत बैठका सुरू केल्या. दूधवाला थांबला. भरतीची पोरं आली, त्यांना आत जायला वाट नव्हती. एकजण खाली मान घालून म्हणाला, "काकू, जरा सरकता का?" भाभी म्हणाली, "दहा राहिल्यात. मोज आणि थांब." तो खरंच मोजू लागला.

सचिव बनियनवर धावत आले. "वहिनी, असं रस्त्यावर बरं दिसत न्हाय!"

"चौकात टांगल्यावर बरं दिसतंय की!" भाभी खाली बसता बसता म्हणाली. वरच्या खिडकीतून कुणीतरी फस्सकन हसलं. या वेळी हसू आमच्यावर नव्हतं.

तसंच आम्ही आठवडाभर केलं. कळश्या, रस्ता, बघणारे. वस्ताद काठी टेकत येऊन कट्ट्यावर बसायचे आणि तिथूनच "पाठ ताठ!" म्हणून ओरडायचे. शेवटी कमिटीनं निरोप पाठवला: आठवड्यातले तीन दिवस बायकांना, उरलेले पोरांना. कॅरम होता तिथंच राहिला.

दार उघडलं त्या पहाटे सचिव किल्ली घेऊन हजर होते. हसत म्हणाले, "बघा, मंडळानं दिला तुमचा तास. मंडळाचे आभार माना की वहिनी."

आभार मानायची मला लहानपणापासून सवय आहे. शिष्यवृत्तीच्या साहेबांचे मानले, पास देणाऱ्या कंडक्टरचे मानले, नोकरी देणाऱ्या मालकांचे दर दिवाळीला मानते. शब्द ओठांवर आलाच होता. तेवढ्यात भाभी गुडघ्यावर हात न टेकता जिना चढताना दिसली, आणि मी तोंड मिटलं. निम्मेच दिवस परत करून सगळे दिल्यासारखं बोलणाऱ्या माणसाला मी काय म्हणणार होते? त्यांच्या हातातली किल्ली तशीच राहू दिली, बाजूनं वाट काढली आणि माडीवर गेले. बारवर पोरांच्या हातांची लाल माती लागली होती. पदरानं पुसली आणि प्लेटा चढवू लागले.