कापसाची खोली

तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. सातपुड्यातल्या माणसांवरच्या माहितीपटाच्या पूर्वतयारीसाठी मी तिथे राहिलो होतो. शेजारी एक गुजर मावशी होत्या. कुणी काही मागितलं, की मान वर न करता त्या आधी "नही" म्हणत.

खर्चाचा अंदाज चित्रीकरणाला येणाऱ्यांच्या मुक्कामाच्या तंबूंपाशी अडला होता. तंबूंचं भाडं धरलं, तर आमचं मुंबईचं ऑफिस माहितीपटच नाकारणार होतं. शेवटी आमच्या मंडळींसाठी मी मावशींकडे मागची खोली मागितली.

"नही. तठे कापूस शे."

मी हिरमुसून परतलो. सकाळी पाहतो तर मावशी कापसाची बोचकी ओसरीत आणत होत्या.

"मावशी, हे काय?"

"कापूस ओसरीमा ऱ्हाई. मानसे थंडीमा बाहेर कसा झोपतीन?"

माझा जीव भांड्यात पडला. मी धावत जाऊन त्यांच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं.