बसण्यापुरती मोकळी जागा

बागेत शिरताना आप्पा चपला फाटकाबाहेर काढायचे. पाणी प्यायचे तेही बाहेरच. आत तांब्या कधी नेला नाही. परत येताना धोतराला चिकटलेली कुसळं एकेक उपटून तुपाच्या जुन्या डब्यात टाकायचे. बोलायचे ओरडून, कारण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं टॉवेलच्या मागांवर काढून कान गेले होते. आणि रोज बाराच्या ठोक्याला फाटकाशी उभे राहून एकदा खोकायचे. आत बायामाणसं असली म्हणजे पुरुषमाणूस खोकतो, तसं.

बागेत कुणी नसायचं.

कीर्तीने हे तीन वर्षं पाहिलं. ती पलीकडच्या गल्लीतली, मराठी घेऊन एम. ए. झालेली. नोकरी शोधता शोधता ती धुळाप्पांकडे, म्हणजे आप्पांकडे, गवतांची नावं लिहून घ्यायला गेली आणि मग जातच राहिली.

बाग म्हणजे घरामागचा दीड गुंठा मुरूम. त्यात पवन्या, मारवेल, कुसळी ही माळावरची गवतं, कडेला तरवडाची झुडपं. पाऊस देईल तेवढंच पाणी. शेजारच्या दाक्षायणीला याची भारी गंमत वाटायची.

"आप्पा, नळाला पाणी येतंय पाचव्या दिवशी. त्ये बी नको तुमास्नी? उंट बांधा की दारात!"

"तुझ्या मोगऱ्याला पाज गं. त्यो लाडावलाय. माझं गवत माळावरचं हाय, त्येला मागायची सवय न्हाय."

एकदा त्यांनी कीर्तीच्या तळहातावर कुसळ ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. कुसळ हललं. पीळ उलगडत स्वतःभोवती फिरू लागलं. कीर्तीने दचकून हात झटकला.

आप्पा हसले. "ह्येला पेरावं लागत न्हाय. वल लागली की आपलं आपणच भुईत शिरतंय."

"मग मधली जागा मोकळी का?"

बागेच्या बरोबर मध्ये हात-दीड हात जागा उघडी होती. तिथं पडलेलं कुसळही आप्पा वेचून काढायचे. कीर्तीने हे आधीही विचारलं होतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

लग्नाला आठ महिने झाले होते. बायको तानाबाई. दोघं गावच्या माळावर गवत कापत होते, आप्पा या टोकाला, ती त्या टोकाला. दुपार होती. ती बसलेली दिसत होती. ते पेंढी बांधायला वाकले आणि मान वर केली तर ती नव्हती. उघडा माळ, आडोशाला झुडूपसुद्धा नाही. गावाने आठ दिवस शोधलं, विहिरी उपसल्या. मिळाल्या त्या तिने बांधलेल्या सहा पेंढ्या आणि तिच्या बसण्यापुरती कापलेली जागा. विळासुद्धा मिळाला नाही.

"ती डावरी," आप्पा म्हणाले. त्यांनी चार काड्या घेतल्या, आधी आपली गाठ मारली, मग चाचपडत तिची. पीळ उलटा पडला. "अशी गाठ दुसरं कुणी बांधत न्हाय."

पुढे त्या माळावर प्लॉट पडायला लागले. तेव्हा आप्पांनी तिच्या जागेभोवतीचा एकेक ठोंब पोत्यात घालून सोलापूरला आणला आणि होता तसा, होता तिथं लावला. मधली जागा सोडून.

"येईल तवा तिला वळखू यावं."

शेहेचाळीस वर्षं झाली होती. कीर्तीला ते ऐकवेना. ती म्हणाली, "आप्पा, पेरून टाका ती जागा. किती दिवस राखायची?"

ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग मे महिन्यात एका सकाळी स्वतःच तिच्या दाराशी आले आणि नेहमीसारखं ओरडून नाही, हळू बोलले. "यंदा पावसाआधी, कोरड्या मातीतच धूळपेरणी करतो. लई बसवून ठेवली तिला."

कीर्तीला बरं वाटलं. ते आता तिला आठवतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ती ताक घेऊन गेली. चपला फाटकाबाहेर होत्या. वारा अजिबात नव्हता. सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं आणि स्तब्ध. फक्त मधल्या जागेच्या पलीकडचे शेंडे हलत होते, कुणी आतून चालत जावं तसे, कुंपणाच्या दिशेने. कुंपणाशी ते थांबले.

आप्पा त्या जागेशी उकिडवे बसले होते. मान खाली, डबा मांडीशी. त्यांचा हात उन्हाने तापला होता. नाडी नव्हती. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं.

अर्ध्या जागेत त्यांनी बोटांनी ओळी ओढून कुसळं टाकली होती, वर माती लोटली होती. उरलेल्या अर्ध्या जागेत एक पेंढी पडली होती. हिरवीगार. कापलेली टोकं अजून ओली. बागेत हिरवं पान नव्हतं, आणि आप्पांच्या घरात विळा नव्हता.

कीर्ती खाली वाकली. गाठ उलट्या पिळाची होती.

आप्पांना ती गाठ येत होती, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. हिरवं गवत कुठून आलं, हे तिला सांगता येत नाही.

"म्या बघितलं न्हाय की गं, म्या मोगऱ्याला पाणी घालत हुते," दाक्षायणी म्हणाली. मग म्हणाली, "पर आप्पा कुणाशी तरी बोलत हुते. हळू. मला वाटलं, तूच हाईस."

डबा आता कीर्तीकडे आहे. झाकण घट्ट लावलेलं, आत ओल नाही. तरी दुपारी त्यात काहीतरी वळल्याचा बारीक आवाज येतो. मग ती उठते, फाटकाशी चपला काढते, एकदा खोकते आणि आत जाते. डबा हातात धरून उभी राहते.

पाऊस आठ दिवसांवर आलाय. अर्धी जागा पेरायची राहिली आहे.