अख्खा मांडा

तोताराम अमृत न्हाव्याच्या खुर्चीत बसला, सदऱ्याच्या बाह्या कोपरावर सरकवल्या आणि म्हणाला, “दाढी राहू दे. हात भादर.”

अमृतला वाटलं, ऊन लागलं असेल. रावेरकडचा एप्रिल म्हणजे काही थट्टा नाही. पण तोतारामने दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत करून घेतले आणि कोणाकडे न बघता घरी गेला. झालं, गावाला विषय मिळाला. बायको गेली की माणूस खचतो, पण म्हणून कोणी हात भादरतं का? आमच्या गावाला दुसऱ्याच्या घरातलं कोडं सुटल्याशिवाय घास जात नाही.

कोडं साधं होतं. तोताराम मांडे शिकत होता आणि हातावरच्या केसांना पीठ चिकटत होतं.

मांडा म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा ओल्या हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर सोडायचा. भल्याभल्या सुनांना तो जमत नाही. पुरुषांनी फक्त खायचा आणि जाड झाला म्हणून नावं ठेवायची.

तोतारामची बायको बेबाबाई दिवाळीनंतर गेली. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला गेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यापुढे नैवेद्य ठेवतात. बेबाबाईची ही पहिलीच घागर. शेजारच्या सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, “भाऊ, मांडे मी करून देते. तुमी काळजी नका करू.”

“अक्का, द्यायचंच असलं तं शिकवून द्या,” तोताराम म्हणाला. “तिच्या घागरीपुढे माह्या हातचा मांडा पाह्यजे.”

सुनंदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण शिकवलं त्यांनीच, हेही सांगायला हवं.

होळीपासून तोताराम केळीच्या बागेतून आला की चूल पेटवायचा. दिवसभर घड वाहून खांदे दुखत असायचे, तरी कणीक मळायला बसायचा. गल्लीतली कमलबाई रोज ताक मागायच्या निमित्ताने येऊन बघून जायची. मला तिचा राग यायचा. त्याच्या घरात ताक नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. तोताराम मात्र मान वर करायचा नाही. फाटलेले मांडे तो आणि गोठ्यातली भाकड म्हैस मिळून संपवत. म्हैस चांगली अंगाला आली.

हळूहळू कणीक जमली. पुरण जमलं. हात भादरल्यावर मांडा कोपरापर्यंत वाढायलाही लागला, पातळ आणि गोल. पण खापरावर टाकताना हटकून फाटायचा. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी लेक भूमिका सासरहून आली. बापाच्या हातांवरचे चटके बघून तिचे डोळे भरले. त्या संध्याकाळीही सगळे मांडे फाटले.

“माह्याच्यानं होत नही,” तोताराम म्हणाला. सुनंदाबाईंना हाक मारायला तो उठलाही.

भूमिका समजुतीने म्हणाली, “आबा, राहू द्या. फाटका ठेवला तं माय काय रागावनार हाये?”

तो दारातच थबकला. हातातला तांब्या त्याने असा आपटला की म्हैस दचकली. “फाटके तं ती जन्मभर खात आली! अख्खे तुह्या-माह्या ताटात, फाटके तिच्या. मी एकदा बी इचारलं नही.” मग त्याने कोणालाच हाक मारली नाही. उद्यासाठी गव्हाचं पीठ कपड्यातून गाळायला बसला.

सकाळी सुनंदाबाई त्यांच्या घरचे मांडे घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. पहिला फाटला. दुसराही फाटला. आता शेवटचा गोळा उरला होता.

“भाऊ, तुमी मांडा धरून ठेवता,” त्या एकदम म्हणाल्या.

“नही धरला तं पडंल ना, अक्का.”

“तो काय केळीचा घड हाये? हात खालून काढून घ्या. खापर झेलते त्याले.”

हातातून निसटलेला घड काळा पडतो, व्यापारी तो बाजूला काढतो. काही पडू द्यायचं नाही, एवढंच तोतारामच्या बोटांना आयुष्यभर शिकवलेलं. त्याने हात ओले केले. गोळा झेलला, फिरवला, वाढवला. खापराशी वाकला, क्षणभर थांबला आणि दोन्ही हात खालून काढून घेतले.

“अख्खा हाये, आबा!” भूमिका ओरडली. “अख्खा हाये!”

दिसायला काही विशेष नव्हता. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला करपलेला. तोतारामने तो लेकराला उचलावं तसा उचलला आणि घागरीपुढच्या ताटात ठेवला. हात जोडले. “बेबा,” तो म्हणाला, “आज अख्खा खाय.”

मग भूमिकाच्या ताटात त्याने सुनंदाबाईंचा मांडा वाढला, आणि सकाळचे दोन्ही फाटके आपल्या ताटात घेऊन जेवायला बसला.