जाऊबाईंची सही

आमच्या जाऊबाई कुणाची सही घेतली की लगेच त्याला आपली सही द्यायच्या. मागितलेली नसली तरी. समोर टीव्हीवर रोज दिसणारा नट असो, नाहीतर गणेशोत्सवात वर्ध्याला गायला आलेला नवखा गायक. त्याची सही झाली की जाऊबाई पिशवीतून कागद काढायच्या, ठसठशीत अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहायच्या, खाली ‘मु. पो. सेलू’ टाकायच्या आणि तो कागद त्याच्या हातात ठेवायच्या. बहुतेक जण हसून घेत. एकाने मात्र विचारलं, “मी काय करू हिचं?”

“मी तुह्या सहीचं करीन तेच,” जाऊबाई म्हणाल्या.

हे खूळ नव्हतं, रीत होती. आमच्याकडे शेजारून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. जाऊबाईंनी ती रीत सहीला लावली, इतकंच. “मांगून आनलं अन् भांडं रिकामं धाडलं, तर त्याले भीक म्हनतेत वं नीलू,” असं त्या मला सांगायच्या.

मी धाकटी जाऊ. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, स्वभाव कपाटातल्या पुस्तकांसारखा. लग्न होऊन आले तेव्हा ‘ही बोलत नाही’ अशी घरात तक्रार होती. जाऊबाईंनी ती एका वाक्यात मिटवली : “मी दोघींचं बोलतो नं!” संध्याकाळी मालिका लागली की त्या पडद्याशीही भांडायच्या. “अवं, सांगून टाक नं त्याले! रडून काऊन राह्यली?” मी शेजारी पुस्तक उघडून बसायचे. पान काही उलटत नसे.

मग दुखणं आलं. सावंगीच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या आणि लोक जाऊबाईंशी बोलायचे थांबले. त्यांच्याविषयी बोलू लागले. भेटायला आलेले पाहुणे त्या समोर बसलेल्या असताना मला विचारायचे, “यांना झोप लागते का?” त्यांचा मुलगा प्रशांत जीव लावणारा, पण तोही म्हणायचा, “आईले नका विचारू, मी सांगतो.” दुखण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागायचं. “मी मेली नाई अजून,” त्या म्हणायच्या. “मले विचारा.”

त्याच दिवसांत एका नव्या मालिकेचा पहिला भाग वर्ध्याच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवणार, कलाकार येणार, अशी बातमी आली. थोडं चित्रीकरण सेलूजवळच्या शेतात झालेलं. नेमकं दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना दवाखान्यात भरती व्हायचं होतं. गर्दीत जायचं नाही, असं प्रशांतने बजावलं.

“उद्या तुम्ही म्हनान तसं,” जाऊबाई उठत म्हणाल्या. “आज मी म्हनीन तसं. नीलू, ऑटो बोलाव.”

भाग संपला तशी माणसं मंचाकडे लोटली. मी त्यांना धरून रांगेत उभी राहिले. डोक्याला सुती रुमाल, तोंडावर मास्क. नायकापाशी पोचलो तेव्हा त्याने त्यांच्याकडे पाहिलं, आवाज मऊ केला आणि मला विचारलं, “आजींचं नाव काय? बरं नाही का त्यांना?”

जाऊबाईंनी मास्क खाली ओढला. “मले विचार नं, पोट्ट्या! तिले काय विचारतं?”

तो ओशाळला. मग त्यांच्याकडे बघून त्याने नाव विचारलं, त्यांच्या तिकिटावर सही केली. आता पाळी जाऊबाईंची. पण पिशवी दारावर ठेवून घेतली होती; जवळ कागद नव्हता.

“आजी, झालं ना? चला पुढे,” संयोजकांचा माणूस म्हणाला.

“नाई झालं,” जाऊबाई म्हणाल्या, आणि नायकाला, “हात आन.”

त्याने हात पुढे केला. त्याचाच पेन घेऊन त्यांनी त्याच्या तळहातावर लिहायला सुरुवात केली. पूर्ण नाव. एकेक अक्षराला वेळ लागत होता. मागचे लोक कुरकुरू लागले. मी मागे वळले आणि म्हणाले, “थांबा.” माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. रांगेतल्या एका मुलीने बाजूने फोटो काढला आणि माझा नंबर घेऊन मला पाठवला.

परतताना ऑटोत मी म्हटलं, “पुसून टाकेल तो.”

“पुसू दे. साबन तं लागंल नं त्याले!”

भरती झालेल्या जाऊबाई घरी परतल्या नाहीत. ‘शांत झाल्या’ असं लोक म्हणाले. शांत त्या कधीच नव्हत्या. गेल्या, एवढंच खरं.

चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकासाठी प्रशांतने आपल्या लग्नातला आईचा फोटो निवडला. त्यात जाऊबाई फोटोग्राफरच्या सांगण्यावरून हसल्या होत्या. मी त्याच्यापुढे मोबाईलमधला तो सहीचा फोटो धरला.

“काकू, याच्यात आई आजारी दिसते. चेहरा अर्धाच हाय. अन् हा मानूस मधात कायले?”

“हाच लागेल.”

“लोक काय म्हनतीन?”

“त्यांना माझ्याकडे पाठव.”

फलक लागला. दुसऱ्या दिवशी त्याखाली एसटीची वाट बघत उभी होते. शेजारची बाई बराच वेळ वर बघत होती. शेवटी तिने विचारलं, “हा हात पुढं केलेला पोट्टा कोन वं बाई?”

“आमच्या जाऊबाईंची सही घ्यायला आला होता,” मी म्हणाले.